मी फक्त ‘बघतो’ म्हणालो!

नाही, पण माझं चुकलं काय, ते तरी कुणीतरी सांगा! तुम्ही चहा घ्या, निवांत घ्या, मी काही अडवत नाही, कप हातात आहे तोवर तुमचा-माझा काही संबंध नाही... पण माणूस जन्मभर एकच शब्द वापरत आला, तर तोच शब्द धोंड म्हणून त्याच्या गळ्यात बांधायचा? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर बसलो. लोक यायचे, ‘साहेब, नळाला पाणी नाही.’ मी म्हणायचो, ‘बघतो.’ ‘साहेब, पाइप फुटलाय.’ ‘बघतो.’ आता ‘बघतो’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं की नाही? ‘बघतो’ म्हणजे नाही! सभ्य माणसाचं नाही! समोरचाही सभ्य असतो, तो ‘बरं बरं, बघा’ म्हणतो आणि घरी जाऊन बादलीने पाणी भरतो. एकतीस वर्षांत एकाही माणसाने मला विचारलं नाही, की साहेब, बघितलं का!

आणि रिटायर होऊन अकरा दिवस झाले होते हो... फक्त अकरा! ती वर दुसऱ्या मजल्यावर गॅलरी दिसतेय ना, वेताची खुर्ची ठेवलेली? ती माझी. त्या खुर्चीत बसायचं, पाय कठड्याला लावायचे आणि पेपर शेवटच्या ‘हरवले आहे’पर्यंत वाचायचा, एवढीच माझी जन्माची इच्छा. बाराव्या दिवशी खाली पार्किंगमध्ये मीटिंग. विषय काय, तर हा कोपरा. हाच, जिथे तुम्ही उभे आहात. अख्ख्या गल्लीच्या पिशव्या इथे! उन्हात वास असा, की लोक नाक धरून यायचे, दुसऱ्या हाताने पिशवी ठेवायचे आणि ‘काय लोक आहेत!’ म्हणत परत जायचे.

आमचे सेक्रेटरी आहेत दाताचे डॉक्टर. त्यांना सवयच आहे, समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबायचा, मग विचारायचं, ‘दाढ काढू ना?’ आणि घशातून जो काही आवाज येईल तो होकार धरायचा. त्यांनी विचारलं, ‘कोपऱ्याची जबाबदारी कोण घेतंय?’ सगळ्यांच्या माना खाली. शेजारचा शिंपी तर बुटाची नाडी बांधायला वाकला... पायात चपला होत्या त्याच्या! डॉक्टर वळले माझ्याकडे, ‘तुम्ही काय, आता मोकळेच.’ मी आपलं सवयीने म्हणालो, ‘बघतो.’ झालं! टाळ्या! टाळ्यांचा एवढा कडकडाट मला निरोप-समारंभातही मिळाला नव्हता. आणि डॉक्टरांनी वहीत लिहिलं, ‘कोपऱ्याच्या स्वच्छतेचं काम हे बघतात.’ अहो, मी ‘बघतो’ म्हणालो, त्याचं ‘बघतात’ कसं झालं? एका काना-मात्रेने माणूस आत जातो हो!

बरं, म्हटलं, घरोघरी जाऊन चार शब्द सांगावेत, लोक सुज्ञ आहेत, की बाबांनो, सकाळी सातला कचऱ्याची गाडी येते, ओला वेगळा, सुका वेगळा, गाडीतच टाका. काय स्वागत झालं म्हणता! ‘वा! अशीच माणसं हवीत! तरुणांनी शिकावं तुमच्याकडून! आणि काका, खाली जाताच आहात तर...’ तर काय? तर ही पिशवी! चार मजले जनजागृती करून मी खाली आलो, तेव्हा माझ्या हातात सात पिशव्या होत्या! तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी तर खिडकीतूनच सालं सोडतात. मी वर पाहिलं की, ‘अगं बाई, निसटलं वाटतं!’ रोज आठ वाजून दहा मिनिटांनी निसटतं. घड्याळ लावावं!

मग स्वखुशीने... कसली स्वखुशी, डॉक्टर डोक्यावर उभे होते... पाटी रंगवली. ‘येथे कचरा टाकू नये.’ दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर ‘खोली भाड्याने मिळेल’ची चिठ्ठी चिकटवली. एवढ्या मोठ्या पाटीवर कुठे चिकटवावी? नेमकी ‘न’वर! राहिलं काय? ‘येथे कचरा टाकू ये.’ लोक आले हो! पलीकडच्या गल्लीतूनही आले!

मी डॉक्टरांकडे गेलो, म्हटलं हे काही माझ्याच्याने होणार नाही, मी फक्त ‘बघतो’ म्हणालो होतो! ते म्हणाले, ‘मग बघा ना! काही करू नका. तिथे खुर्ची टाकून नुसतं बघा.’

आणि इथेच मी फसलो, कारण तुम्हाला सांगतो... ते लागू पडलं! पहिल्या संध्याकाळी मावशी पिशवी घेऊन आल्या, मला बघितलं, थबकल्या. ‘काही नाही, जरा पाय मोकळे करायला आले.’ पिशवी घेऊन? कोपऱ्याला एक फेरी मारली आणि पिशवी घरी परत! मागून शिंपी, त्याचेही पाय मोकळे. आठवडाभर अख्खी गल्ली आपापला कचरा फिरवून परत नेत होती. शेवटी कंटाळले आणि सकाळी सातला गाडीवर जायला लागले. झाडणारी ताई मला म्हणाली, ‘काका, वीस वर्षं झाडतेय, या कोपऱ्याला फरशी आहे हे आज कळलं. निळी आहे हो!’ खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या बघण्याने काहीतरी दिसलं होतं! पण लगेच तीच म्हणाली, ‘आता तुम्ही उठू नका हं इथून.’

उठू नका! गल्लीत ज्याला त्याला हेच. मी पाणी प्यायला उठलो तरी शिंप्याची मशीन थांबते, ‘काका, कुठे निघालात?’ पेपर वाचावा, तर ‘काका, खाली मान घालू नका, समोर बघा.’ आणि समोर काय दिसतं? माझी गॅलरी! माझी रिकामी खुर्ची!

परवा दोन दिवस मुलीकडे गेलो. परत येऊन बघतो तो गुडघाभर ढीग. माझं डोकंच फिरलं! सगळ्यांना खाली बोलावलं, म्हटलं, आज सोक्षमोक्ष. सुरुवात कुणी केली ते शोधणार. सगळ्यात खालची पिशवी काढणार, आतला कागद वाचणार, नाव जाहीर करणार! मावशी पांढऱ्या पडल्या. मी हातमोजे घातले, बाही सारली, खालची हिरवी पिशवी ओढली, फाडली, विजेचं बिल निघालं, मी खड्या आवाजात नाव वाचलं...

माझं!

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला! आणि घरचं माणूस तरी गप्प बसावं? बायको गर्दीतून पुढे आली, ‘निघायच्या दिवशी तीनदा सांगितलं, अहो, पिशवी गाडीत टाकून या. काय म्हणालात?’ काय म्हणणार? ‘बघतो’! गाडी निघून गेली, आमच्या बसची वेळ झाली, म्हटलं तात्पुरती ठेवू कोपऱ्याला... लोकांनी बघितलं, की बघणाऱ्यानेच ठेवली, मग काय, गल्ली मोकळी!

पण तुम्हाला सांगतो, शरमेने मान खाली गेली आणि त्याच क्षणी मला मोकळं वाटलं. सुटलो! आरोपी मीच! आता कोण ठेवतंय मला? घरी गेलो, सुवाच्य अक्षरात राजीनामा लिहिला, ‘सदर पदास मी नालायक असल्याचे सिद्ध झाले आहे, तरी मुक्त करावे, ही विनंती.’ बायको म्हणाली, एवढं खरं तुम्ही जन्मात लिहिलं नव्हतं. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. व्यवस्थित घडी घातली, खिशात ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

‘बघतो.’

आता मी काय बोलणार? मला अर्थ माहीत आहे ना! जगात माझ्याएवढा कुणाला माहीत आहे? म्हणालो, ‘बरं बरं, बघा.’ आणि येऊन बसलो इथे.

चहा संपला वाटतं तुमचा? नाही, म्हणजे... तो कप... छे छे, माझं काय जातंय, टाका हवा तिथे. मी फक्त बघतो.