भिंतीवरचे हात

नाही पेंटर भिया, ती भिंत राहू द्या — आत्ता राहू द्या म्हणते, आधी या तीन करून घ्या. सोफा मी मध्ये ओढून ठेवलाय, वर जुनी चादरही टाकलीय. हो, मला ठाऊक आहे, आमच्या ह्यांनी फोनवर चारही भिंती म्हणून सांगितलंय, रंगही त्यांनीच पसंत केलाय — पण ते आज महूला गेलेत, दिरांकडे, लग्नाचं आमंत्रण द्यायला. आमंत्रण काय, फोनवर पण झालं असतं. समोर उभं राहून बघवणार नाही म्हणून मुद्दाम आजच गेले, आणि मला काय सांगून गेले, तर यशोधरा, तू आपली आतल्या खोलीत बस, बाहेर येऊ नकोस. म्हणजे ह्यांना बघवत नाही आणि मी आत बसून ऐकायचं. मराठी समजतंय ना तुम्हाला? समजतं, मग ठीक आहे. आमचं तरी कुठे शुद्ध राहिलंय, इंदूरात पिढ्या गेल्या, अर्धं बोलणं हिंदीतच होतं.

काय बघताय — हात आहेत ते. कुंकवाचेच. आमच्या संहिताचे, मुलीचे, लग्न होऊन घरातून निघताना लावलेले. आता आपल्या मराठी लोकांत हे कुठे असतं, पण मालव्यात राहून राहून आलं आमच्यात. शेजारच्या भाभींनी हट्टच धरला — बिटिया घर से जाएगी तो दीवार पर हाथ तो लगाकर जाएगी — थाळीत हळदकुंकू पाण्यात कालवून त्यांनीच आणलं. हिने दोन्ही हात बुडवले आणि हसत हसत थापले, उजवा जरा तिरका बसला, बघा ना, करंगळी वेगळीच पडलीय. आणि मी काय केलं, तर ओरडले, की अगं जरा जपून, लग्नासाठी नवा रंग दिलाय भिंतीला. आता हसू येतं — म्हणजे हसू नाही येत. डावा? डावा गेलाच आहे जवळजवळ. ओल असेल, पलीकडे बाथरूम आहे ना, सील येते. नाहीतर आमची द्वारकाबाई — कामाला येते ती — जाळी काढताना झाडू फिरवत असेल. मी बोलले पण होते तिला, तर बिचारी म्हणाली, ताई, मैं तो उधर झाडू लगाती ही नहीं. रुसली होती चांगली.

संहिता? ती नाही आता. डेंगू झाला. शमिका, तिची मुलगी, नुसती रांगत होती तेव्हा. नाही नाही, तुम्ही वाईट नका वाटून घेऊ, तुम्हाला काय माहीत असणार.

मग लग्न कुणाचं, असंच ना? सगळेच विचारतात. जावयाचं. परेशचं. आम्हीच लावून देतोय, गुरुवारी, इथेच, घरातल्या घरात. मुलगी अमिता म्हणून आहे, बँकेत असते. आईवडील नाहीत तिला, देवासला मामाकडे वाढली, तर हे म्हणाले, मग कन्यादान आपण करू, ती आपली मुलगी म्हणून या घरातून जाईल, शमिकाचं आजोळ तुटणार नाही. बरोबर आहे, मी कुठे नाही म्हणते. मीच परेशच्या मागे लागले होते, की अजून तरणा आहेस, लेकरू लहान आहे, किती दिवस असा राहशील. स्नेहलतागंजला माझ्या नणंदबाई राहतात, त्या म्हणाल्या, काय गं वहिनी, दुधाची तहान ताकावर भागवतेस होय? म्हटलं, ताक तरी मिळतंय ना घरबसल्या. बोलून गेले खरी. आणि ह्यांचं म्हणणं असं, की नवी मुलगी ज्या घरातून निघणार त्या घराच्या भिंतीवर पहिलीचे हात असले, तर तिला काय वाटेल. म्हणून हा रंग. म्हणून तुम्ही.

आता तुम्हाला सांगते, मलाही ते पटलं होतं. हो म्हणून मोकळी झाले होते. पण मग ते भीमबेटका झालं. गेला आहात का कधी? भोपाळच्या पुढे, डोंगरात गुफा आहेत, आदिमानव राहायचे तिथे, त्यांनी दगडावर चित्रं काढलीत. परेशच म्हणाला, आई, सगळे मिळून एक दिवस कुठेतरी जाऊ, शमिका आणि अमिता जरा सोबत राहतील, तुम्हालाही अमिता नीट कळेल. पहाटे निघालो, आष्ट्याला पोहे खाल्ले — आपल्यासारखे नाहीत, पण खाल्ले. तिथे एक गाइड घेतला. चांगला होता, गडबड नाही. सांगत होता, माणूस माणूस झाला तेव्हापासून इथे राहत आलाय, किती हजार आणि किती लाख वर्षं सांगितली, माझ्या डोक्यात नाही राहिलं. हरणं काय, हत्ती काय, घोड्यावरची माणसं काय. एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं. मी विचारलं, जागा इतकी मोकळी पडलीय, मग एकावर एक कशाला काढलं? तर म्हणाला, माताजी, ते कोणी सांगू शकत नाही, पण खालचं खरवडून काढत नव्हते एवढं दिसतं. वरूनच काढायचे. त्यामुळे खालचं राहिलं.

आणि मग एका खडकावर त्याने हात दाखवला. लहान मुलाचा, एवढासा. शमिका उचलून घे म्हणाली, अमितानेच घेतलं तिला. आणि शमिका काय म्हणाली — मी शेजारीच उभी होते — म्हणाली, ऐसा तो आजी के घर पे भी है. गाइड हसला, विचारलं त्याने, अच्छा? किसका हाथ है बेटा? आणि ती म्हणाली, पता नहीं. पहले से है.

पहले से है.

नाही, तिची काय चूक. मराठी तिला येत नाही धड आणि आईचा चेहरा तिला फक्त फोटोतला ठाऊक. सांगितलं होतं मी तिला, अनेकदा सांगितलं होतं, हे तुझ्या मम्माचे हात म्हणून, पण मूल ते, खेळात असतं, हो हो म्हणतं. परेश पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत बसला. हे दुसरीकडे बघायला लागले. आणि मला काय झालं कळलं नाही, मी पुढे झाले आणि त्या खडकावरच्या हातावर आपला हात ठेवला. असा. पूर्ण. गार होता दगड. तेवढ्यात चौकीदाराने शिट्टी मारली, धावत आला — रागावला नाही हो, पण म्हणाला, माताजी, इतने हज़ार साल में धूप ने नहीं मिटाया, पानी ने नहीं मिटाया, आप लोगों के हाथ का पसीना मिटा देगा. एक-एक करके सब छूते हैं, सब प्यार से ही छूते हैं. मी हात मागे घेतला. आणि भिया, त्या क्षणी मला आमचा हा डावा हात दिसला. ही भिंत दिसली.

सील नाही ती. द्वारकाबाई पण नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की मी इथे येऊन उभी राहते आणि त्या डाव्यावर हात ठेवते. ह्यांना माहीत नाही, ते तेव्हा फिरायला गेलेले असतात. रोज. जरा वेळच. तिचा हात माझ्याहून लहान होता, माझ्या हाताखाली पूर्ण झाकला जातो — म्हणजे जायचा. मीच पुसला तो. बाकी कुणी नाही. आता नातीला कसं ओळखू येणार कुणाचा आहे, तिथे हात म्हणून काही उरलंच नाहीये.

खाली उतरताना अमिताने माझा दंड धरला होता. गुडघे दुखतात ना माझे. आणि हळूच म्हणाली, आई — आई म्हणते ती मला — भिंत नका रंगवू. मी माझे हात बाजूला लावीन, खाली, लहानशा जागेत. मला चालेल. परेशने सांगितलं असणार तिला. खरं सांगू, ती जरा वाईट असती तर बरं झालं असतं. चार शब्द बोलता आले असते. इतकी चांगली मुलगी, आणि मला तिचा राग येतो, आणि राग येतो म्हणून रात्री झोप येत नाही. पण शमिका दमली तेव्हा तिच्याच खांद्यावर झोपली. माझ्याकडे नाही आली. ते मी पाहिलंय, आणि ते बरंच झालं, हेही मला कळतं.

आल्यापासून हाच विचार करतेय. हे म्हणतात रंगवा, अमिता म्हणते राहू द्या. राहू दिली, तर काय होईल मला माहीत आहे. डावा गेला, आता मी उजव्यावर हात ठेवायला लागेन. नाही म्हटलं तरी जातो हात, काल पण गेला होता. वर्षा-दोन वर्षांत तोही जाईल. माझ्यापासून वाचवायचा असेल, तर तो झाकायलाच हवा. रंगाखाली असला म्हणजे कुणाचा हात तिथे पोचणार नाही, माझाही नाही. असेल तिथे, आपल्या जागी.

म्हणून ती भिंत करा. पण ते रेगमाल घासायचं नाही तिथे. खरवडायचं नाही, पुट्टी नाही, ओलं फडकं पण नाही. नुसता रंग, वरून, हलक्या हाताने. हो, धरणार नाही, पपडी येईल पावसाळ्यात — येऊ द्या ना. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही, मी सांगेन ह्यांना, मीच असं करायला लावलं म्हणून. आणि सुकल्यावर अमिताला म्हणणार आहे, खाली कोपऱ्यात कशाला, इथे मधोमध लाव. शमिकाला विचारलं कुणी, हात कुणाचे म्हणून, तर नाव तरी सांगता येईल तिला.

शेवटी कशाला मग, आत्ताच करा. पहिली तीच करा. उगाच दुपारपर्यंत माझा जीव टांगलेला. डबा उघडा, ढवळून ठेवा — आणि मग तुम्ही जरा बाहेर ओट्यावर बसता का? पाच मिनिटं. नाही हो, हात नाही लावणार. नुसती उभी राहते. जाताना दार ओढून घ्या.