भाकरीवरचं माप

आदिलाबादच्या बसस्टँडवर मी जैनथच्या गाडीची वाट पाहत होते. आमच्या आईनंतर कितीतरी वर्षांनी कुणाच्या हातात क्रोशाची सुई दिसली. शेजारची म्हातारी मांडीवर ज्वारीची भाकर उघडून, पिवळ्या लोकरीचं विणकाम तिच्यावर टेकवून पाहत होती. सोबतच्या बाईलाही राहवलं नाही.

"मथुरामावशी, भाकरीवर काय मोजून राह्यल्या?"

"सुनेचा हात. अर्ध्या बोटांचे हातमोजे विणून राह्यली. पहाटे शेवंती तोडते, थंडीनं बोटं आखडतात तिचे."

"अन् भाकरीवर हात कुठून आला?"

"हे पाह्य. थापताना बोटं उमटले तिचे. चारी."

"अवो माय! खरंच वं! केवढा नाजूक हात हाय!"

"हाय ना?"

"पण घरीच हात धरून मोजाचा ना."

"पोळ्याच्या सणापासून बोलत नाही आमी. वांगे उपटून शेवंती लावली तिनं. मी म्हनलं, फुलं शिजवून खातं काय?"

"अन् शिदोरी देते बांधून?"

"रोज देते. गरम."

"मंग आता?"

"आता बाग पाह्यली का डोळे दिपतात. सारी पिवळी झाली. मीच चुकली."

"तसं सांगून द्या तिले."

"तोंडातून निंगत नाही वं. म्हनून हे."

"अन् तिनं नाही घातले तं?"

"तं मंग तोंडानंच सांगा लागन."

"बरं, दुपार झाली. खाऊन घ्या ते भाकर."

"थांब. काठावर अंगठा उमटला हाय, तो मोजाचा राह्यला."