पाण्यावर घण

...आणि वर तो मॅनेजर मलाच म्हणतो, ‘काका, तुम्ही त्यांचा दात पाडलात!’ अहो, पाडला म्हणजे? मी काय तिथं पक्कड घेऊन बसलो होतो? मी हात टाकला, तिथं त्याचं तोंड होतं. तोंड त्याचं, ते कुठं न्यायचं हे त्यानं बघायचं का मी? तुम्हाला सांगतो, त्या पोहण्याच्या तलावावर सगळे मला खुनी समजतात. मी काय कुणाला मारायला जातो का? मी पोहायला जातो!

ज्याचा दात गेला, तो बेडूक. बेडूक म्हणजे माणूसच, रिटायर झालेला शिंपी, पण पोहतो असा पाय फाकवून, आणि मग फाट्कन मागं झाडतो! मागं कोण आहे, जिवंत आहे का मेला, काही विचार नाही! मागच्या खेपेला त्याची टाच माझ्या पोटात बसली, सकाळचा चहा नाकातनं बाहेर आला माझा, तेव्हा वाजवली का कुणी शिट्टी? छे! ह्या खेपेला मी त्याचा पाय धरून जरासा पिरगळला, जरासाच हं, तर लगेच पीईईप!

‘ए लोहारा, पाय सोड! नाहीतर कात्रीनं कापीन!’

‘काप की! कात्री कुठाय, चड्डीत?’

मग त्यानं माझी टोपी ओढली, केसांसकट. मी त्याचा पोहायचा चष्मा पुढं ताणला आणि सोडला... रबर असतं ना त्याला, असा चट्दिशी डोळ्यांवर बसला की तो गरागरा फिरला, आणि फिरता फिरता तोंड घेऊन आला माझ्या हाताखाली. पाणी गुलाबी झालं. दात बुडाला तळाशी. आता यात माझा काय दोष?

मॅनेजर म्हणाला, ‘काका, बास. रविवारी मी स्वतः काठावर उभा राहणार. भरल्या लेनमधून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट क्रॉल मारून दाखवा. कुणाला हात लागला, तर तुमचं येणं कायमचं बंद.’

तुम्ही म्हणाल, बंद तर बंद, बसा की घरी. घरी? अहो, गुडघे गेलेत माझे. दोन्ही. आयुष्य भट्टीपुढं उभं राहण्यात गेलं, त्याचं हे बक्षीस. घरात संडासापर्यंत जायला सुनेचा दंड धरावा लागतो. ती बिचारी ‘चला बाबा’ एवढंच म्हणते, पण ते ‘चला बाबा’ असं कानफटात बसतं, काय सांगू... पाण्यात उतरलो की गुडघे गप्प. तिथं मला कुणी धरत नाही. मी दुसऱ्यांना धरतो, ती गोष्ट वेगळी.

म्हणून गेलो त्या शिकवणाऱ्या पोरीकडे. तिचं नाव मी शिट्टी ठेवलंय, कारण तोंडात कायम तेच. नातीच्या वयाची, पण जीभ अशी की कानस! मला एक फेरी मारायला लावली, आणि बघून म्हणाली, ‘आजोबा, हा क्रॉल नाही. ही दंगल आहे.’

‘म्हणजे?’

‘मान वर, म्हणून पाय बुडतात. हात ताठ, तो येतो बाजूनं, शेजारच्याच्या कानशिलात. पाय कमरेतनं मारायचे, तुम्ही गुडघ्यातनं झाडता. आणि प्रत्येक हाताला ते ‘हं! हं!’ काय ओरडता?’

अगं बाई, घण मारताना हं केल्याशिवाय घाव बसतो होय? आणि मान वर नको? घाव कुठं पडतोय ते बघायचं नाही, तर काय स्वतःचं बोट ठेचून घ्यायचं?

‘आजोबा, पाणी म्हणजे लोखंड नव्हे!’

‘म्हणून तर डोकं फिरतं माझं! इतकं बडवलं तरी वाकत नाही हरामखोर!’

मग सुरू झाला छळ. मान वर आली की डोक्यात तिच्या हातातली पोहायची फळी, टक्! ‘तळाकडे बघा!’ हात ताठ दिसला की कोपरावर फळी, टक्! ‘कोपर वर! हात खांद्यासमोर टाका!’ मी पाणी गिळतोय, ठसके देतोय, डोळे बाहेर आलेत, आणि ही वरनं, ‘आजोबा, श्वास पाण्यात सोडायचा!’ पाण्यात? पाण्यात श्वास सोडतात ते मरायच्या वेळी! मी फळी हिसकावली आणि काठावर आपटून दोन तुकडे केले. चुकून झालं. बरं, नाही झालं चुकून. पण तुम्हीच सांगा, मी काय कुणाला मारायला जातो का? मी पोहायला जातो!

ती मटकन काठावर बसली. म्हणाली, ‘आजोबा, जन्मभर घणच मारलात का? दुसरं काही नाही केलं भट्टीवर?’

म्हटलं, ‘भाता ओढला की.’

‘तोही असाच बडवून?’

‘वेडी का काय! भाता सावकाश. लांब ओढायचा, लांब सोडायचा. घाई केली तर निखारे अंगावर येतात.’

ताडकन उठली पोरगी! ‘मग भाता चालवा! तोंड पाण्यात, सोडा, सोडा, सोडा... आता अंग कुशीवर, तोंड बाजूला, ओढा!’

आणि तुम्हाला सांगतो... तोंड पाण्यात, भाता सोडला. कुशीवर झालो, भाता ओढला. हात आपला आपण लांब गेला, अंग त्याच्यामागं सरकलं, पाय वर तरंगले, धबधब नाही, हं नाही, काही आवाजच नाही. मला वाटलं, मेलो! पण भिंत लागली डोक्याला, तेव्हा कळलं, जिवंत आहे आणि पलीकडच्या टोकाला आहे.

रविवार. लेन भरलेली, काठावर म्हातारे फाशी बघायला आल्यासारखे ओळीनं उभे, मॅनेजर छाती काढून पुढं, बेडूक नवा दात लावून पाण्यात. मी सुटलो. काय सुटलो! कोपर वर, नजर तळाला, भाता सुरू... आणि धाड्!

डोकं कुठं शिरलं म्हणता? बेडकाच्या ढुंगणात! तो तिथं मधोमध आरामात चालला होता, कारण त्याला ऐकूच आलो नाही मी! तो बोंबलला आणि दोन्ही टाचा झाडल्या, माझं नाक फुटलं. मी हात मारला, तो मागनं येणाऱ्या एका रिटायर पोस्टमास्तरला. पोस्टमास्तरनं बेडकाला बुडवलं, बेडूक त्याच्या मांडीला चावला, नव्या दातानं! सोडवायला मॅनेजर वाकला, त्याची टाय कुणीतरी ओढली... कुणी ते मी सांगत नाही... आणि तो बुटांसकट आत! सगळे सगळ्यांना बडवतायत, आणि काठावरनं ती शिट्टी टाळ्या पिटतेय, ‘आजोबा, कोपर झकास होतं!’

बेडूक ढुंगण धरून ओरडला, ‘आधीचं बरं होतं हो! आधी हा येतोय ते गल्लीपर्यंत ऐकू यायचं, माणूस बाजूला तरी व्हायचा! आता मगरीसारखा येतो!’

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मॅनेजरच्या बुटातनं पाणी गळत होतं. म्हणाला, ‘काका, या रोज. पण पोहायचं पूर्वीसारखंच! मान वर, धबाधबा, हं हं! आवाज बंद झाला, की तुमचं येणं बंद!’

सुटलो म्हटलं! दुसऱ्या दिवशी उतरलो, मान वर केली, घण उचलला... आणि अंग आपोआप कुशीवर! हात गुमान पाण्यात शिरला, चिळकांडीसुद्धा उडाली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. घाव बसेचना! मॅनेजर काठावर कान देऊन उभा, आणि मी लोण्यासारखा सरकतोय!

आता काय करतो म्हणता? त्याच पोरीकडे पुन्हा शिकवणी लावलीय. ती काठावर नवी फळी घेऊन बसते, हात नीट पडला की डोक्यात टक्! ‘आजोबा, अजून वाईट! अजून वाईट!’

...प्रगती फार हळू आहे, म्हणते.