बास्केटकडे पाठ

गोविंदराव : बाथरूममध्ये त्या अमेरिकन शॅकची चाल नको म्हणतो मी. त्यानं पाठीनं एकदा रेटलं ना, तर तुझं बेसिन शेजारच्या पटेलांच्या स्वयंपाकघरात निघेल.

हंबीरराव : निघू दे. बास्केट तर होते ना? बास्केटकडे पाठ करायची, मागच्याला ढकलत न्यायचं आणि वळून बॉल टाकायचा. जन्मभर मी दुसरं काय केलं? रेल्वेनं त्यावर नोकरी दिली मला.

गोविंदराव : तेव्हा मागं रतलामचा गडी असायचा. आता वॉशिंग मशीन आहे. तुझा नवा गुडघा आणि ती मशीन, दोन्ही वॉरंटीत आहेत. एकाची तरी राहू दे.

रूपाली : बाबा, मशीनला धक्का लागला तर नर्सिंग ब्युरोच्या माणसाला पाच वाजता नाही, आत्ताच बोलावते.

हंबीरराव : सूनबाई, इथं बास्केटबॉलचं चाललंय.

रूपाली : चालू द्या. पण तुमच्या लेकाशी, अनुजशी काय ठरलंय? तो माणूस यायच्या आत बाथरूममध्ये एकट्यानं जाऊन, कमोडवर बसून दाखवायचं. नाही जमलं तर माणूस रात्रंदिवस इथंच राहणार, आणि पलंगाखाली भांडं.

हंबीरराव : भांडं या घरात येणार नाही.

गोविंदराव : येणार नाही, येणार नाही. फिजिओवाली पोरगी काय म्हणाली होती? वॉकर घेऊन आत जा, वळा, पाठ कमोडकडे करा आणि पोटऱ्यांना कमोड टेकेपर्यंत मागं या.

हंबीरराव : म्हणजे लो-पोस्ट, बास्केटखाली पाठीनं खेळायचं ते.

गोविंदराव : तेच की. ती लो-पोस्ट म्हणाली नाही, म्हणून तू ऐकलं नाहीस. गंमत बघ रूपाली, याच्या पणजोबांनी गायकवाड सरकारच्या पागेत कधी शत्रूला पाठ दाखवली नाही. हा नुसती पाठ दाखवून पेन्शनला पोचला.

हंबीरराव : करीम घेतो मग. एक हात डोक्यावरून, लांब, असा हुक. कुणाच्या बापाला अडवता आला नाही.

गोविंदराव : हुक उत्तम. त्यानं गीझर बंद होईल. बसायचं कसं, ते करीमकडे नाही.

हंबीरराव : मॅकहेल.

गोविंदराव : तो वर जातो असं दाखवतो, समोरचा उडी मारतो, आणि हा त्याच्या हाताखालून निसटतो. इथं उडी कोण मारणार? कमोड?

हंबीरराव : टिम डंकन. बोर्डावर आपटून बास्केट. चूक नाही, गडबड नाही.

गोविंदराव : पोस्टातल्या बचत खात्यासारखा माणूस. माझा आवडता. पण तुझ्या टाइल्सवर आपटलेलं बास्केटमध्ये जात नाही, परत ऑपरेशनला जातं.

हंबीरराव : मग राहिला हकीम.

गोविंदराव : आता बोललास. हकीमचं सगळं पायांत. खांदा डावीकडे दाखवायचा आणि उजवीकडे वळायचं. एका फरशीत काम.

रूपाली : गोविंदकाका, अनुज तर म्हणतो आताचा योकिच सगळ्यांत भारी.

हंबीरराव : त्याचं नाव काढू नकोस. तो पास देतो. बास्केटखाली पोचलेला माणूस बॉल दुसऱ्याला देतो. याला खेळ म्हणत नाहीत, दानधर्म म्हणतात.

गोविंदराव : ऐकलंस? अख्खी नोकरी मी याला बॉल आत दिला. एकदाही बाहेर आला नाही. इथला ओला लीलो चेवडा पिशवीतून दिला असता तर निदान पिशवी तरी परत आली असती.

हंबीरराव : मला बास्केट दिसायची.

गोविंदराव : पाठ होती तुझी बास्केटकडे. तुला मी दिसायचो. अजमेरच्या फायनलला तर दोघं चढले होते तुझ्यावर. मी कोपऱ्यात मोकळा, हात वर करून. कधी कधी वाटतं, तो हात अजून खाली आलेला नाही.

हंबीरराव : तुझा नेम वाईट होता.

गोविंदराव : असेल. तुला कसं कळलं पण?

हंबीरराव : सरक. जातो मी आत.

(वॉकरची टकटक. मग दाराला कोपर लागल्याचा आवाज.)

गोविंदराव : शांतीथी, भाई, सावकाश. आता खांदा डावीकडे दाखव.

हंबीरराव : कोणाला दाखवू?

गोविंदराव : मशीनला. तिला खरं वाटलं पाहिजे.

हंबीरराव : दाखवला.

गोविंदराव : वळ आता. जुना पाय जागेवर, नव्याला छोटी छोटी पावलं. उडी नाही.

हंबीरराव : वळलो. फसली ती.

गोविंदराव : फसणारच, साधी आहे बिचारी. मागं ये. पोटऱ्यांना गार लागलं?

हंबीरराव : लागलं.

गोविंदराव : मग भिंतीवरचा दांडा धर आणि बस.

हंबीरराव : धरता येत नाही. वॉकर मशीन आणि दाराच्या मध्ये अडकलाय. पुढं जात नाही, मागं येत नाही. हा असा आडवा असताना दांड्यापर्यंत हात पोचत नाही.

गोविंदराव : म्हणजे दोघं चढले तुझ्यावर.

हंबीरराव : आत्ता नको, गोविंदा.

गोविंदराव : मी कुठं काय म्हटलं? शॅक काय करेल याचा विचार करतोय.

हंबीरराव : नव्या पायावर फार वेळ उभं राहता येणार नाही.

रूपाली : बाबा, वॉचमनचा फोन आहे. ब्युरोचा माणूस खाली आलाय. वर पाठवू?

हंबीरराव : थांब म्हणावं त्याला.

रूपाली : किती वेळ?

हंबीरराव : थांब म्हणावं. गोविंदा.

गोविंदराव : हां.

हंबीरराव : कुठं आहेस? मला मान वळवता येत नाही.

गोविंदराव : दाराबाहेर, कोपऱ्यात.

हंबीरराव : हात?

गोविंदराव : वर आहे.

हंबीरराव : घे मग. उचलून वरनं देतो. घे वॉकर.

गोविंदराव : सोड. सोड रे, धरलाय मी. आला.

हंबीरराव : दांडा मिळाला.

गोविंदराव : बस आता.

हंबीरराव : बसलो.

रूपाली : काका, जमलं का? एकट्यानं?

गोविंदराव : एकट्यानंच. मी आपला कोपऱ्यात उभा होतो.

रूपाली : मग त्या माणसाला रिक्षाचे पैसे देऊन पाठवते परत. चहा टाकू तुम्हाला?

गोविंदराव : टाक. दार लोटून घेतो इथलं.

हंबीरराव : गोविंदा.

गोविंदराव : बोल.

हंबीरराव : वॉकर तुझ्याकडे आहे.

गोविंदराव : माहीत आहे. राहू दे जरा हातात.