पंख्याखालचं मशीन

रक्त तपासायला आलेली माणसं घामाने निथळत होती. काउंटरवरची मुलगी पावत्या लिहीत होती, पण तिचे कान समोरच्या बाकाकडे होते. तिथे शाल पांघरलेल्या एका बाईंना त्यांच्या शिवणकारखान्यातली जुनी कामगार भेटली होती.

"बाई, या उकाड्यात शाल?"

"थायरॉइड निघालंय गं. तू इथे कशी?"

"माझंही तेच. तुमच्याकडे होते तेव्हापासूनच असणार. कळलं मागाहून."

"डॉक्टर म्हणाले, गळ्यातली ती ग्रंथी म्हणजे शेगडीचं बटण. तिचा रस कमी पडला की सगळ्या अंगाची आच मंदावते. थंडी वाजते, हात उचलत नाहीत, सारखी झोप येते."

"आणि अर्धपोटी राहिलं तरी अंग सुटतं."

"मी तुला सगळ्यांदेखत म्हणायचे, खायला आधी, निजायला मधी, कामाला कधी कधी."

"जाऊ द्या, बाई."

"पंखा बंद करा म्हणून तू विनवायचीस. मी मुद्दाम तुझं मशीन पंख्याखाली सरकवलं, झोप उडावी म्हणून. आणि शेवटी तुला काढूनच टाकलं."

"गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या. चहासुद्धा नंतर. दोनेक महिन्यांत हात पूर्वीसारखे चालतील."

"तुला माझा राग नाही आला?"

"रागवायलासुद्धा अंगात आच लागते, बाई. तेव्हा कुठे होती?"

बाईंनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली, तशी ती कामगार काउंटरकडे वळली.

"अहो काउंटरवरच्या ताई, तेवढा पंखा बंद कराल? यांना सोसत नाहीये."