शिलकीतली वीस सेकंदं

वेंडल : खाली सही कर, एवढंच. वाचत काय बसलीस?

मॅरेन : ‘सीमारेषेच्या आत शुद्ध हरपली.’ वेंडल, माझी शुद्ध कुठे हरपली होती? मी ओकले.

वेंडल : तेच ते.

मॅरेन : तेच ते कसं? गुडघ्यांवर बसून, तो अवजड पितळी ट्यूबा मांडीवर घेऊन, स्वतःच्या पांढऱ्या हातमोज्यांवर ओकले. सगळं आठवतंय मला. काय काय बाहेर पडलं, तेसुद्धा.

लोर्ना : अगं, ती अंडी तरी खा आधी. गार झाली. काल दुपारपासून पोटात काही नाही तुझ्या.

वेंडल : लोर्ना, पाच मिनिटं आम्हाला बोलू देशील?

लोर्ना : पथकाचा प्रमुख तू, पण हा ट्रक माझ्या स्वयंपाकाचा आहे बाबा. बोलायचं तर जिममध्ये जाऊन बोला. पण तिथे दीडशे पोरं झोपलीयत, नाही का? ऐकतील.

वेंडल : मॅरेन, इकडे बघ. काल वाजवून मैदान सोडायला आपल्या वादक पथकाला बारा सेकंदं जास्त लागली. दर तीन सेकंदांमागे एक दशांश गुण कापतात. किती झाले?

मॅरेन : चार दशांश.

वेंडल : आणि बाराव्या पथकाच्या आपण किती मागे?

मॅरेन : दोन.

वेंडल : अंतिम फेरीत आज रात्री बारा पथकं वाजवणार. आपण तेरावे. का? तर शेवटचा माणूस रेषेबाहेर पडेपर्यंत तो पंच घड्याळ थांबवत नाही, आणि काल शेवटचा माणूस तू होतीस. मी दोष देत नाहीये हं.

लोर्ना : छे छे. दोष कुठला!

वेंडल : नियमात एकच फट आहे. कुणी बेशुद्ध पडलं तर तेवढा वेळ धरत नाहीत. नऊच्या आत पंचांकडे कागद पोचला पाहिजे. आठ वीस झालेत.

मॅरेन : पण तो पंच माझ्यापासून दोन हातांवर उभा होता! मी मान वर केली तर घड्याळाकडे बघत होता. मी तोंड पुसत ‘सॉरी’ म्हटलं त्याला. बेशुद्ध माणूस सॉरी म्हणतो का?

लोर्ना : शी! पोर ओकतेय, आणि हा बाप्या सेकंदं मोजतोय.

वेंडल : कामच आहे ते त्याचं. बोललोय मी त्याच्याशी. म्हणाला, ‘मी काही डॉक्टर नाही.’

लोर्ना : वा! म्हणजे तोही तसलाच.

वेंडल : मॅरेन, यंदा वयोमर्यादा संपणारे किती आहेत आपल्यात? सत्तावीस. तुला धरून. पुढच्या उन्हाळ्यात या सत्तावीस जणांना कुठलंही पथक घेणार नाही. इलायस सात वर्षं ढोल वाहतोय. पट्ट्याने खांदे सोलून निघालेत त्याचे. एकदाही अंतिम फेरीत वाजवलं नाही त्याने.

मॅरेन : मला सांगताय? काल बसमध्ये तो माझ्याशेजारी बसला नाही. सात वर्षांत पहिल्यांदा.

वेंडल : मग? एक सही. त्याच्यासाठी.

मॅरेन : खोटं आहे हो हे.

वेंडल : कुणाचं नुकसान होतंय त्यात?

मॅरेन : … द्या. कुठे करू? इथे?

लोर्ना : थांब गं. वेंडल, पुढचं सांग तिला.

वेंडल : पुढचं काय?

लोर्ना : अकरा उन्हाळे या पथकाला दिवसातून चार-चार वेळा जेवू घालतेय मी. मला काय वेडी समजतोस? बेशुद्ध पडलेल्याला सात दिवस मैदानात उतरता येत नाही. गेल्या साली डेलाइनला बाहेर बसवलं होतंस ना तूच? रडून रडून माझा एप्रन भिजवला होता तिने.

मॅरेन : म्हणजे?

लोर्ना : म्हणजे आज रात्री पथक वाजवेल, आणि तू इथे माझ्यासोबत शेंगदाण्याच्या लोण्याची सँडविचं बांधशील.

मॅरेन : वेंडल?

वेंडल : मी सांगणारच होतो.

मॅरेन : कधी?

वेंडल : कागद पोचल्यावर. आधी सांगून तुला उगाच त्रास कशाला?

मॅरेन : पण आम्ही आठ ट्यूबावाले आहोत. शेवटच्या वळणात रांगेत माझ्या जागी भोक पडेल. सात जणांना सगळी पावलं नव्याने मोजावी लागतील. एका दिवसात कसं जमणार?

वेंडल : ती काळजी नको. आखणी मी पहाटेच बदलून ठेवलीय.

मॅरेन : पहाटे?

वेंडल : म्हणजे, तयारी असावी म्हणून.

मॅरेन : आधी मला आखणीतून पुसलंत, आणि मग सही मागायला आलात.

वेंडल : असं नाटकी बोलू नकोस.

मॅरेन : सोमवारी कार्यक्रमाचा शेवट बदललात तुम्ही. आठवतंय? पहिल्या वर्षी तुम्हीच शिकवलं होतंत. कार्यक्रम बसवताना वीस सेकंदं शिल्लक ठेवायची, त्यांना हात लावायचा नाही. कुणाचा बूट निघतो, मारिम्बा वाद्याच्या गाड्याचं चाक रुततं, कुणी पडतं. त्यांच्यासाठी असतात ती.

वेंडल : लोक उठून उभे राहिले काल. त्या लांबवलेल्या शेवटच्या सुरासाठी.

मॅरेन : सोळा सेकंदं खाल्ली त्या सुराने. उरली चार. मी ओकण्यात सोळा घालवली. जुना शेवट असता तर ओकून, तोंड पुसून, सॉरी म्हणून बाहेर पडले असते, तरी चार सेकंदं वर उरली असती.

लोर्ना : आणि तो सूर घोटायला काल दुपारी पाण्याची सुट्टी बुडवली यांनी. मी दोन पिंपं भरून उभी. एक पोर फिरकलं नाही. मला वाटलं, आधीच पाजलं असेल कुणी. माझंही चुकलंच.

वेंडल : हे सगळं बाहेर बोलायची गरज नाही. मॅरेन, आठ पस्तीस. तुला बसावं लागेल म्हणून नाही म्हणतेयस का? तसं स्पष्ट सांग.

मॅरेन : असेल. थोडं तेही असेल. पण मघाशी सही करायला निघालेच होते ना मी? आता नाही होत. किळस येतेय मला. कालच्या त्या हातमोज्यांचीही आली नव्हती इतकी.

वेंडल : सव्वीस जणांचं स्वप्न आहे. पायाखाली तुडवतेयस.

मॅरेन : ते पेन राहू दे माझ्याकडे. खरं लिहिते. ‘उलटी झाली. शुद्धीवर होते. दुपारी चार तास उन्हात पाणी दिलं नव्हतं.’ त्याखाली हवी तेवढी मोठी सही करते. द्याल नेऊन?

वेंडल : वेड लागलंय का? दंड तर राहीलच, वर आपलीच चौकशी लागेल!

मॅरेन : आपली नाही.

वेंडल : … ठीक आहे. मग आत जाऊन तूच सांग त्यांना. आज रात्री घरी जायचंय, आणि का जायचंय. मी नाही सांगणार.

मॅरेन : मीच सांगते. हा तुमचा कागदही दाखवते.

वेंडल : पोरांसमोर? मॅरेन, ऐक जरा—

लोर्ना : वाट सोड, वेंडल. सरक. आणि त्या डब्यांना टेकू नकोस, आत्ताच पुसलेत.

(वेंडल निघून जातो.)

लोर्ना : दोन घास खाऊन जा आता.

मॅरेन : शिव्या घालतील मला.

लोर्ना : काही जण घालतील.

मॅरेन : काही जण म्हणतील, कर की सही, तुझी एक रात्र गेली तर काय बिघडलं.

लोर्ना : येऊ का मी सोबत? दाराशी उभी राहते नुसती.

मॅरेन : नको. तुम्ही पाण्याची पिंपं भरून ठेवा. मी इलायसला आधी उठवते. एकट्याला बाहेर आणून सांगते. सगळ्यांसमोर रडायला आवडत नाही त्याला.