लायमन साहेब खुर्ची सोडतात

हॅलो?… जान्हवी?… हो गं, आईच बोलतेय. किती वाट बघायला लावलीस! झालं तुझ्या ऑफिसातल्या लायमन साहेबांचं निरोपाचं भाषण?… रडले? अरे देवा. चाळीस वर्षं तिकडे अमेरिकेत, तुमच्या राज्याच्या विधानसभेत बसलेला माणूस, रडणारच ना.

हो, हो… अगं ऐक ना, आम्ही मोबाइलवर बघायला बसलेलो. बाबा, मी, शेजारची श्वेता. पण नुसतं चक्र फिरत राहिलं… तूच सांग. काय म्हणाले लायमन साहेब?… दुधाचं? लहानपणी ज्या दारांवर दूध टाकलं, तिथेच मतं मागायला गेले, तेच ना? पाठ आहे मला. अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालंय. एवढी वर्षं आमदार आणि गाडी अजून तीच खटारा! आपल्याकडचे बघ, एकदा निवडून आले की… जाऊ दे, कशाला तोंड खराब करू.

हां, शाळांच्या नळाचं पाणी… ते शिशाचे पाइप बदलायला लावले… किती वर्षं भांडला गं माणूस एका गोष्टीसाठी!… काय? बायको गेली त्या दिवशी पण सभागृहात मतदानाला बसले? हे कधी बोलली नाहीस… नाही गं, मोठेपणा असेल. पण घरचं माणूस गेलेलं ना…

बरं, तिकीट कधीचं काढतेस?… विमानाचं, घरी यायचं! साहेब रिटायर, म्हणजे तू पण मोकळी… म्हणजे? ऑफिस बंद नाही होत?… तूच म्हणालेलीस ना, साहेब आहेत तोवर इथे आहे म्हणून. मला वाटलं, गिरणी बंद पडली तेव्हा बाबा घरी आले, तसं… हस, हस तू. इथे मी तुझी गादी पिंजून घेतली. दादाचं कपाट बाहेर काढून आतली खोली रिकामी केली. मुलुंडच्या बाजारात सुंदराबाई कोळणीला सांगून ठेवलंय, पोरगी येतेय, सरंगा चांगला आण…

काय?… परत बोल. कुठे उभी राहतेस?… साहेबांच्या जागेवर? तू?… तिकडचं नागरिकत्व घेतलंस तेव्हा नुसता कागद म्हणालेलीस… त्यांनीच गळ घातली?…

नाही, कट नाही झाला. आहे मी.

झकास की गं!… खूश आहे, आवाज असाच आहे माझा… तू पण चाळीस वर्षं बसलीस तर मी कुठे असणार बघायला?… रागावले नाही गं. आठवण येते. बाजारात तुझ्यासारखी पाठमोरी पोरगी दिसली की मागे मागे जाते मी, वेड्यासारखी…

देवाला गाऱ्हाणं? आत्ता, फोनवर? अगं ते गावच्या देवळात गुरव घालतो… हट्टी आहेस. बरं, घालते. प्रत्येक मागण्याला तू ‘व्हय म्हाराजा’ म्हण.

बा देवा म्हाराजा! आमचा चेडू परमुलखात इलेक्शनाक उभा रवता, तेका निवडून हाड रे म्हाराजा!… हां, शाब्बास, बाबांना पण ऐकू गेलं.

आणि म्हाराजा, नायच निवडून इला, तर तेका माका परत दी…

म्हण ना… जान्हवी?… आधीचं कसं लगेच म्हणालीस… आहेस तू, श्वास ऐकू येतोय मला…

बरं. नको म्हणू. ठेवते गं.